वामनराव डॉक्टरांची गळकी फटफटी

"मामा, डाव्याच बाजूनं काऊन गळते?"

पंचफुलाचा प्रश्न किसनमामांना आवडला नाही. जळगाव जामोदला त्यांचं फटफट्या दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गुरांचे डॉक्टर वामनराव यांची फटफटी तिथं चौथ्यांदा आली होती. दुखणं तेच. पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांपैकी डावीतून तेल गळायचं. मामा आतलं रबरी सील बदलायचे. आठ दिवस बरे जायचे, की पुन्हा गळती. या खेपेला तेल ब्रेकवर उतरलं, आणि डॉक्टर नाल्यात पडता पडता वाचले.

"रस्ताच खराब हाये," मामा म्हणाले.

पंचफुला वरवट बकालहून उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होती. मामांचा मुलगा कडूबा तिच्याच वयाचा. रस्ता दोन्ही दांड्यांना सारखाच, मग उजवी कोरडी कशी, हे काही दोघांना उमगेना. गोष्ट साधी नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याशी बस जात नसे. पावसाआधी डॉक्टर पोचले नाहीत, तर तिथल्या वस्त्यांवरच्या गुरांना घटसर्पाची लस मिळणार नव्हती. गेल्या साली एक वस्ती लसीवाचून राहून गेली, तिथले अकरा बैल दगावले होते.

दोघांनी दांड्या धुऊन पुसल्या. डोळ्यांना काहीच दिसेना. मग पंचफुलानं घरातून कापूस आणला आणि दांडीवरून हलकेच फिरवला. उजवीवरून तो सरकत गेला. डावीवर, सीलच्या चार बोटं वर, तंतू अडकले. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच.

"मामा, इथं नख लावून पाहा, लोखंडाचा बारीक काटा उठला हाये. खड्ड्यात चाक दबलं की हा काटा सीलात शिरत असन, अन् रबर चिरत असन."

मामांनी नख लावलं. ते अडकलं. सील तीनदा बदललं, पण दांडीवरून हात फिरवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

पण काटा आला कुठून? दोघं गुरांच्या दवाखान्यात गेली. खांबाला एक जाड साखळी लटकत होती. तिच्या आकड्याला दांडीवरचा चकचकीत मुलामा लागलेला. डॉक्टर फटफटी डाव्या दांडीलाच बांधत होते, आणि आकडा घासून तिथं काटा उठला होता!

एवढ्या मोठ्या माणसाला त्याची चूक सांगायची कशी? पंचफुला बराच वेळ दारात घुटमळली. शेवटी खाली मान घालून तिनं सांगून टाकलं.

वामनरावांनी साखळीचा आकडा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, बाई. मी रस्त्यालाच दोष देत होतो."

मामांनी तो काटा बारीक काचकागदानं घासला. कापूस अडकेनासा झाला, तेव्हाच नवं सील बसवलं. डॉक्टर साखळी आता मागच्या चाकाला लावू लागले.

तीन आठवड्यांनी ते दुकानात आले. पायथ्याच्या सगळ्या वस्त्यांवर लस टोचून झाली होती. मामांनी वाकून दोन्ही दांड्यांवर बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

"डॉक्टरसाहेब, मीनं कामच केलं," मामा म्हणाले. "इचार या पोरीनं केला."