घासून काढलेली नावं

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. कारण त्या दिवशी चहा मीच करत होते.

नोव्हेंबर १९८६. पहिला शनिवार. यॉर्कशरमधलं आमचं गाव, चॅपलमागचा हॉल. आणि वेळ मध्यरात्रीची वगैरे नाही...

दुपारचे अडीच.

तिथे जुन्या हत्यारांचं मंडळ भरायचं. सगळे म्हातारे सुतार, लोहार, चांभार. विजेवर चालणारं काहीही आणलं, तर ते आणि माणूस दोन्ही बाहेर.

क्लिफर्ड ओल्डरॉइडला या मंडळात शिरायचं होतं. उभा जन्म घरपट्टीच्या ऑफिसात गेलेला. घरी खिळा ठोकायलाही शेजारी लागायचा. रिटायर झाल्यावर बायकोनं, मेव्हिसनं, स्पष्ट सांगितलं होतं, "शनिवारी तरी तू बाहेर जा. नाहीतर मी जाते, ती कायमची."

नियम एकच. स्वतःच्या हत्यारानं सगळ्यांसमोर काम करून दाखवायचं. जमलं, की वहीत नाव.

पठ्ठ्या दोनदा आपटला होता. एकदा करवत उलटी धरली. दुसऱ्यांदा सुलटी धरली, पण फळीबरोबर हॉलचं टेबलही कापलं.

ही तिसरी खेप. शेवटची.

या वेळी त्यानं चॅपलच्या जुन्या बाजारातून एक लाकडी रंधा आणला होता. टेबलावर ठेवला, तर आरशासारखा लखलखत होता. पुढच्या तोंडावर मधोमध नवाकोरा ठसा... सी. ओल्डरॉइड.

सगळे टेबलाभोवती वाकले.

डग्डेल, आमचा सेक्रेटरी, साठ वर्षं सुतारकाम केलेला माणूस. त्यानं रंध्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"नावं कुठायत?"

"हे काय, आहे की माझं."

"तुझं नाही रे. आधीच्यांची."

"ती होय? चार-पाच होती, एकाखाली एक. नुसता मळ! तीन दिवस पॉलिश पेपर मारला. मेव्हिसचं मेण संपलं सगळं."

कुणाचा तरी कप बशीवर आपटला.

"लेका," डग्डेल हळू आवाजात म्हणाला, "हत्यार हातातून हातात जातं. नवा माणूस आपलं नाव खाली ठोकतो. वरच्यांना हात लावत नाही. कधीच नाही."

"मला काय ठाऊक! घरपट्टीच्या वहीत जुना मालक खोडतातच."

डग्डेलनं एक फळी पुढे सरकवली.

"चालव," डग्डेल म्हणाला.

क्लिफर्डनं रंधा फळीवर ठेवला. जेमतेम ढकलला...

सर्र...

फळीची लांबच्या लांब साल निघाली. अख्खी. कागदाहून पातळ. डग्डेललाही आयुष्यात मोजून दहादा जमली असेल अशी.

पुन्हा. सर्र... पुन्हा...

पाच साली निघाल्या. मग रंधा आपोआप थांबला. क्लिफर्ड ढकलत होता, पण तो हलेना.

नियम म्हणजे नियम. वहीत नाव लागलं. क्लिफर्डच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी खालच्या साली झाडल्या आणि शेगडीत टाकल्या. एक साल जळताना उलगडली. तिच्यावर नावाचा ठसा होता... सग्डन.

वाटलं, चष्मा बदलायला हवा. शेवटची साल उलगडायच्या आत मी झाकण लावलं.

सोमवारी क्लिफर्ड धापा टाकत माझ्याकडे आला. हातात रंधा.

तोंड कोरं. सी. ओल्डरॉइड नाही. खूणसुद्धा नाही.

"एडना, दारावरची पितळी पाटी पण गुळगुळीत झालीय. आणि पायरीवर हे पडलं होतं."

त्याच्या तळहातावर पितळेची एक बारीक गुंडाळी होती.

त्यानंतर रोज दुपारी अडीचला त्यांच्या घरात आवाज यायचा. सर्र... सर्र... रंधा तर कपाटात बंद.

मग पेन्शनचं पुस्तक कोरं झालं. पोस्टातली बाई म्हणाली, "चेहरा ओळखीचा असून काय करू? हे आहे कुणाचं?" मग मंडळाची वही. आधीची सगळी नावं जागच्या जागी. याचीच ओळ पांढरी.

डग्डेलनं एकच उपाय सांगितला. "त्यांची नावं परत ठोक. होती तशी. मग आपलं, सगळ्यात खाली."

"पण मी ती वाचलीच नव्हती हो!"

माझ्याकडे वळून क्लिफर्ड अक्षरशः रडला. "एडना, जळत्या सालीवर नाव दिसलं म्हणालीस ना? आणखी पाहिली असशील. आठव ना गं."

मला एकच आठवत होतं. सग्डन. बाकीच्या साली मी जाळल्या होत्या. माझ्या हातानं.

त्यानं सग्डन ठोकलं. अडीचचा आवाज त्या दिवशी आला, पण थोडा हळू. म्हणजे उपाय खरा होता.

फक्त बाकीची नावं हवी होती. ती कुणाकडेच नव्हती.

नाताळच्या आदल्या आठवड्यात मेव्हिस माझ्या दारात आली. चेहरा पांढराफटक.

"एडना... आमच्या पुढच्या खोलीत ते बसलेले असतात ना... चहा मागतात..."

"हं?"

"कोण गं ते?"

मी तिला तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. सांगताना मलाही क्षणभर अडखळायला झालं.

म्हणून हे लिहून ठेवलंय. काल काढून वाचलं. त्याचं नाव पहिल्यांदा येतं तिथे जागा कोरी होती. मी पुन्हा लिहिलं, पेन दाबून.

आज सकाळी टेबल पुसायला गेले, तर कागदाशेजारी एक बारीक पांढरी गुंडाळी पडली होती...

अजून पान उलटून बघितलेलं नाही.