पानातले चार घास

देवापुढे निरांजन लावून मी हे लिहायला बसले आहे. त्या ज्योतीसमोर खोटं लिहायची माझी छाती नाही.

जे घडलं ते असंच घडलं.

साल १९३७. श्रावण वद्य पंचमी, गुरुवार. वेळ दिवेलागणीची. ठिकाण लोणावळा, वळवणच्या बाजूचा एक जुना बंगला.

त्या बंगल्यात तेव्हा एक लहानसं कॉलेज भरायचं. संस्कृत, इतिहास, तर्कशास्त्र, इंग्रजी... एवढंच शिकवत. बेचाळीस मुलगे आणि आम्ही सहा मुली. आम्हा मुलींची राहायची सोय बंगल्याच्या आवारातल्या एका बैठ्या घरात होती. पुढे ते कॉलेज बंद पडलं. आज तिथे विचारलंत तर कुणाला आठवणारही नाही.

माझे वडील वडगावला मास्तर होते. जूनमध्ये त्यांनी मला तिथे आणून सोडलं, आणि टांगा वळताच मी रडायला लागले. पंधरा दिवस रडत होते. खुर्चीवर बसून जेवणाऱ्या प्रोफेसरांची भीती, 'मिस' म्हणून हाक मारली की भीती, मुलांच्या बाकांकडे बघायची भीती.

त्यातून मला बाहेर काढलं ते कस्तुरानं.

कस्तुरा माझ्या खोलीतली. पवन मावळातल्या कोंडाजी पाटलांची एकुलती एक लेक. आवाज असा की वर्गात कुजबुजली तरी मागच्या बाकापर्यंत जायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं माझी पेटी उघडून सगळे कपडे फळीवर लावले.

"पेटी भरलेली असली की मन घरी जातं," म्हणाली. "आता जा बघू कशी जातेस!"

माझा एक नेम होता. आईनं घातलेला. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत संध्याकाळी तुळशीपुढे पणती लावायची, आणि मग मौनानं जेवायचं. पानावरून उठेपर्यंत एक शब्द नाही. मध्ये बोललं किंवा उठलं, तर नेम मोडला.

कस्तुराला ही तर मेजवानीच मिळाली.

"वेणे, तुझ्या भातात झुरळ!"

"वेणे, तुझे वडील आलेत फाटकाशी!"

मी मान खाली घालून जेवत राही. ती हरली की तर्कशास्त्राच्या सरांसारखी बोट नाचवून म्हणे, "जो बोलत नाही तो मुका. वेणू बोलत नाही. म्हणून वेणू मुकी! सिद्ध झालं!" आमची सावित्राबाई हसून हसून पदर तोंडाला लावायची.

सावित्राबाई राजमाचीच्या डोंगराकडची. आमचं स्वयंपाकपाणी तीच बघायची.

महिनाभर हे असं चाललं.

मग ती पंचमी आली.

मला दोन दिवस ताप होता. बाकीच्या चौघी वक्तृत्वाच्या सभेला बंगल्यात गेल्या होत्या. कस्तुरा माझ्यासाठी मागे राहिली. सावित्राबाई माझं ताक-भाताचं पान वाढून, तेल आणायला बाजारात गेली.

बाहेर धुकं उतरलं होतं. लोणावळ्याचं श्रावणातलं धुकं... खिडकीतून आत येऊन अंथरुणावर बसतं.

मी पणती लावायला उठले, पण पाय लटपटले.

"जेव तू," कस्तुरा म्हणाली. "पणती मी लावते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती आणि पणती?

"बघतेस काय? माझ्या हातची वात तुझ्या देवाला चालत नाही की काय?"

माझी काडेपेटी कमरेला खोचून, पणती तळहातावर धरून, दुसऱ्या हातानं वारा अडवत ती गेली. तुळस मागच्या अंगाला, चाळीसेक पावलांवर. तिच्या पलीकडे जुनी विहीर. एका बाजूनं कठडा ढासळलेला.

मी हात जोडले आणि जेवायला बसले.

थोडा वेळ गेला...

"वेणेऽऽ... पणती विझली गं. काडी पेटत नाही. कंदील आण."

मला हसू आलं. हिची नवी युक्ती, मनात म्हटलं. मी घास घेतला.

"वेणेऽऽ... वाट दिसत नाही गं."

मी आणखी एक घास घेतला.

मग काहीच नाही.

बेडूकसुद्धा ओरडायचे थांबले होते.

आणि मग...

थांबा. इथे काय झालं ते मी शेवटी सांगणार आहे. अकरा वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी पान संपवलं. हात धुतले. कंदील घेऊन मागच्या दारात गेले.

"कस्तुरे! आले गं!"

तशीच तुळशीपर्यंत गेले.

तुळशीपाशी पणती पालथी पडली होती. वात अजून कोमट होती.

दोर, गळ, कंदील, माणसं... ते सगळं मी लिहीत नाही. बाहेर काढली तेव्हा तिच्या मुठीत काडेपेटी होती. माझी.

त्या रात्री सावित्राबाईनं माझी हनुवटी धरून वर केली.

"पोरी, खरं सांग. तिनं हाका मारल्या?"

मी मान हलवली.

"दोनच ना?" तिनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. "दोनच ना गं?"

"दोन," मी म्हणाले.

तिनं मोठा श्वास सोडला. "मग रडू नगं. आमच्यात म्हनत्यात, मेलेलं मानूस दोनदाच हाक मारतंय. तिसरी हाक जित्याची. दोन आल्या म्हंजी ती तवाच गेलती. तू ओ दिली असतीस, तर तुला बी नेली असती. तुज्या नेमानं तुला राखलं बघ."

सगळ्यांना ते पटलं. आईनं तर देवीची ओटी भरली.

तेरावं झाल्यावर वडील मला न्यायला आले. पण कस्तुराचे वडील, कोंडाजी पाटील, तिची पेटी न्यायला त्याच दिवशी आलेले. त्यांनी फळीवरचं तिचं एकेक पुस्तक काढून माझ्या फळीवर ठेवलं.

"तू जाऊ नगंस, पोरी," म्हणाले. "तिच्या वाटचं बी तूच शीक."

मी राहिले.

त्याच संध्याकाळी मी पानावर बसले. सावित्राबाई वाढत होती. बाहेर धुकं.

"वेणेऽऽ..."

माझा हात पानातच थांबला.

मी वर पाहिलं. सावित्राबाई वाढायचं सोडून मागच्या दाराकडे बघत होती. म्हणजे... तिलाही ऐकू आलं होतं.

"वेणेऽऽ..."

"दोन," ती पुटपुटली. "बस खाली. हलू नगं."

आम्ही दोघी थांबलो.

तिसरी हाक आली नाही. पण तिसऱ्या हाकेची जागा मात्र होती. कुणीतरी श्वास धरून उभं आहे, आणि आपण काय बोलतो याची वाट बघतंय... अशी शांतता. चार घास खायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच.

मग बेडूक ओरडायला लागले.

त्या दिवसापासून मी संध्याकाळचं जेवण सोडलं. एकभुक्त राहिले. शिकले. तिच्या वाटचंही शिकले. आता तळेगावात मुलींच्या शाळेत शिकवते. वर्षातून एकच संध्याकाळ मी मौनानं जेवायला बसते, श्रावण वद्य पंचमीची.

आणि दर वर्षी अंगणातली पणती आपोआप विझते. वारा नसतो, काही नसतं. दोन हाका येतात. मग ती शांतता.

माझ्या अंगणात विहीर नाही.

यंदा आषाढात निरोप आला, सावित्राबाई फार आजारी आहे. मी तिच्या वाडीला गेले. हाडांचा सापळा झाली होती. पण मला ओळखलं.

"आली का मुकी?" म्हणाली.

मला राहवलं नाही. तिच्या उशाशी बसून मी सांगितलं.

"मावशी... तीन होत्या."

तिनं डोळे मिटले.

होय. हेच मी इतकी वर्षं गिळून बसले होते.

त्या संध्याकाळी तिसरी हाक आली होती. हळू. कस्तुराचा आवाज इतका हळू असतो हे मला माहीतच नव्हतं. नुसतं "वेणे..." त्यात चेष्टा नव्हती. मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं.

पानात चार घास राहिले होते.

मी ते चार घास संपवले. नेम मोडू नये म्हणून.

तर्कशास्त्रात आम्हाला शिकवलं होतं, पहिलं विधानच खोटं असेल तर पुढचं सगळं कितीही नीट मांडा, व्यर्थ. सावित्राबाईचा तर्क चोख होता. 'दोन' हे विधान खोटं होतं.

"म्हाईत हाय," सावित्राबाई म्हणाली.

मी दचकले.

"म्या तेल घिऊन फाटकापाशी आलते. तिन्ही बी हाका ऐकल्या म्या. पयल्या दोनीला रीतीपरमानं गप ऱ्हायले. तिसरीला ओ द्यायला तोंड उघाडलं... धुकं बघून भ्याले, पोरी. भ्याले म्या." तिनं माझा हात चाचपडत धरला. "तू सोळा वर्सांची. तुला जगायचं व्हतं. म्हनून दोन म्हनले. तुला बी, आन् मला बी."

आम्ही दोघी पुष्कळ वेळ रडलो. आठ दिवसांनी ती गेली.

आता यंदाच्या पंचमीचं सांगते.

मी पणती लावली. ताक-भाताचं पान वाढून घेतलं. खाता खाता पानात चार घास उरले...

पणती विझली.

"वेणेऽऽ... "

"वेणेऽऽ... "

मग ती शांतता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी माझा नेम मोडला. पानावर बसून मोठ्यानं बोलले.

"तिसरी मी ऐकली होती, कस्तुरे. ऐकली होती गं."

काहीच हललं नाही. माझाच श्वास मला ऐकू येत होता.

आणि मग... अगदी उंबऱ्यापाशी. रागानं नाही. फळीवर माझे कपडे लावताना बोलायची ना, तशाच आवाजात...

"जेव तू."

एवढंच.

मी पान टाकून उठले. कंदील घेऊन धावले. या वेळी घास नाही, हात धुणं नाही, उष्ट्या हातानंच धावले.

अंगणात कुणी नव्हतं.

तुळशीपुढे पणती पेटलेली होती. ज्योत जराही हलत नव्हती. विझल्यावर मी तिला हात लावला नव्हता.

मी ओरडले, "आले गं! आले!"

शेजारच्या लीलाबाई दार उघडून म्हणाल्या, "बाई, कुणाला हो हाका मारता?"

मी कंदील घेऊन आत आले.

त्यानंतर आजतागायत काही झालेलं नाही. आमचे भटजी म्हणाले, सुटली ती, आता मनाला लावून घेऊ नका. मीही रोज देवाला तेच विचारते, सुटली ना रे ती? देव काही बोलत नाही. त्याचंही मौनच.

ती खरंच सुटली असेल, तर मी सुखानं डोळे मिटेन.

पण "जेव तू" म्हणून ती त्या दिवशीसुद्धा गेली होती. पणती लावायलाच गेली होती.

म्हणून मी रोज तिन्हीसांजेला कंदील पेटवून मागच्या दारात उभी राहते. अंधार होईस्तोवर कान देऊन. एक तरी हाक येईल म्हणून.

येत नाही.

बाहेर धुकं असलं की जीव नुसता तुटतो. आता मला ती हाक मारणार नाही. सावित्राबाईही राहिली नाही.

वाट दिसली नाही, तर ती आता कुणाला हाक मारेल?