सुतकाच्या घरचा टर्बो

धुळाआप्पानं ट्रक चालवायचं सोडलं, पर त्याच्या जिभेला ब्रेक न्हाय. रातचं कट्ट्यावर गोष्ट सांगाया बसला की आमी पोरं मुद्दाम खोकतो.

"खोका, भाड्यांनो," आप्पा म्हनला. "सोलापुरात बाळीवेशीतला शिवलिंगप्पाबी असाच दात काढायचा. मिस्त्री व्हता. माझा दोस्त. ऐकायचं तर ऐका, न्हायतर उठा हितनं."

कोन उठतंय?

"त्याच्याकडं दोन दारांची हेरल्ड गाडी. घराच्या अंगनातच इंजन उघडून बसायचा. कार्बोरेटर बदलला, सायलेन्सर कापला, तरी गड्याचं मन भरंना. म्हनला, 'आप्पा, हिला टर्बो बसवायचा.' टर्बो म्हंजे लोखंडी गोगलगाय. इंजनाच्या धुरावर आतलं चाक फिरतं, इंजनात वारा कोंबतं, न् शिट्टी वाजती.

"टेंभुर्णीच्या अलीकडं एका वस्तीवर कोंडीबा डायवर राह्यचा. धरनाच्या कामावर डंपर उलटला, त्यो खाली घावून मेला. डंपर मोडीत गेला. टर्बो तेवढा त्याच्या घरी पडून व्हता."

"डंपरचा टर्बो हेरल्डला? बोकडाला हत्तीची सोंड!" मी म्हनलो.

"तुला इचारलं का रं, शेंबड्या?... तर आमी दोघं गेलो आनाया. कोंडीबाची बायको बजाबाई एकलीच घरात. म्हनली, 'न्या तिकडं ती अवदसा! नवरा खाल्ला माजा.' सुतक फिटलं नव्हतं अजून. आता सुतकाच्या घरातनं उठताना 'येतो' म्हनत न्हाईत, ठाव हाय न्हवं? गप उठायचं, चालाया लागायचं. पर ह्या बेन्याला सवय. उंबऱ्यावर म्हनला, 'बरं वैनी, येतो.'

"बाईचा चेहराच उतरला. 'माघारी घ्या त्यो सबुद! हितं येतो म्हनलं की यावं लागतंय!'

"ह्यो हसला. 'बोलावनारा तर गेला की.'

"तवर आतल्या अंधारातनं बाप्याचा आवाज आला... 'ये की.'

"मी टर्बोचं पोतं उचलून पळालो. शिवलिंगप्पा म्हनला, बाईनंच आवाज काढला आसंल. टर्बो बसवलाच त्यानं. पाइप वाकवले, पत्र्याला पत्रा जोडला, बॉनेट बंद हुईना तर त्याला भोक पाडलं.

"शहात्तर सालची भोगीची रात. सगळं सोलापूर गड्ड्याच्या जत्रंत. म्हनला, 'चल आप्पा, मोहोळपतुर जाऊन माघारी येऊ.' बसलो. पुना नाका सुटला न् शिट्टी लागली. आरं काय पळती गाडी! ह्यो खुशीत वरडतोय.

"मोहोळ आलं. 'वळीव आता,' मी म्हनलो.

"त्यानं स्टेरिंग वळवलं. गाडी वळली न्हाय.

"पाय उचलला त्यानं. शिट्टी वाढली.

"चावी काढली. चावी त्याच्या हातात... न् इंजन चालूच.

"'आप्पा,' म्हनला, 'मी येतो म्हनलो व्हतो रं...'

"टेंभुर्णीच्या अलीकडं गाडी आपसूक रस्ता सोडून आत शिरली. त्याच दारात थांबली. दार सताड उघडं. आत अंधार.

"'आलास?'

"शिवलिंगप्पा उतरला. मी दंड धरला त्याचा. बर्फावानी गार. 'आप्पा, सोड,' म्हनला. 'सबुद दिलाय.'

"आत गेला.

"दार लागलं.

"शिट्टी बंद...

"मी गाडीतनं हललो न्हाय. उजाडलं तवा बगितलं, तर दाराला भायेरनं कुलूप. बजाबाई कवाच नातेपुत्याला म्हायेरी गेलेली. मानसं गोळा झाली, कुलूप तोडलं. आत कुनी न्हाय. मागं दार न्हाय, खिडकी न्हाय. शिवलिंगप्पा आजपतुर कुनाला दिसला न्हाय."

आप्पानं बिडी इझवली.

"दार केवढं? मला वाकून आत जावं लागलं. न् आत सारवलेल्या भुईवर, उंबऱ्यापसनं मागच्या भिंतीपतुर... डंपरच्या चाकाचा खोल वळ. चौकटीला साधा खरचटाबी न्हाय."