अथांगचा काळा फुगा

त्या दोघांची पहिली भेट झाली तेव्हा तिच्या डोक्यावर शनी पडला.

राशीला लागतो तो नव्हे. पुठ्ठ्याची लांब नळी, नळीत गुंडाळलेलं चित्र आणि चित्रात कड्यांसकट शनी. ती जिना चढत होती, वर कोणाच्यातरी हातातून गठ्ठा निसटला, आणि बरोबर भांगावर टण्णकन आवाज झाला.

“लागलं का हो?” वरून कोणीतरी ओरडलं.

“काय होतं ते?”

“शनी!”

“मग लागणारच.”

वरून हसू आलं आणि हसण्यामागून तो आला. बांबूसारखा उंच, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. तिसरी तोंडात होती, ती त्याने घाईघाईने काढून पाठीमागे लपवली.

“मी नवीन चित्रकार. सगळे मला पेन्सिल म्हणतात… का, ते विचारू नका.”

“दिसतंय. मी कॉमिक्सच्या फुग्यांत पात्रांचं बोलणं लिहिते. मला मोती म्हणतात, अक्षरावरून.”

“आमच्या गल्लीत एक मोती होता—”

“त्याच्याबद्दल पुढे एक शब्द बोललात तर चावेन.”

झालं. कोणी म्हणतात प्रेमाला महिने लागतात. या प्रेमाला सात-आठ पायऱ्या लागल्या. दोघांना ते कळायला मात्र वर्ष गेलं, आणि एकमेकांना सांगायला… ते पुढे येईलच.

कॉमिक्सचं हे ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, रबराचा वास, आणि खाली हवा भरली की वर फुस्स. संपादकांच्या मते जगातल्या सगळ्या अंतराळयानांचे आवाज त्या दुकानातूनच निघाले होते. संपादक गृहस्थ मोठे नामी. त्यांना शिंक आली की एखादी आकाशगंगा नष्ट व्हायची. ओल्या झालेल्या पानाचं दुसरं करणार तरी काय? त्यांचा नियम एकच. हिरोने गुंडांना हवं तेवढं बडवावं, पण अथांगपुढे त्याने मान खालीच घालायची.

हिरो म्हणजे उल्काजित आणि अथांग म्हणजे… अथांग. त्याला चेहरा नाही. सूर्य त्याच्या नखाएवढा. त्याने तळहात उघडला की उल्काजित तारे ओलांडतो, मूठ मिटली की उल्काजित म्हणजे चपला घातलेला एक साधा कारकून. बाकीची पात्रं पांढऱ्या फुग्यात बोलायची. अथांगचा फुगा काळा, अक्षरं पांढरी. आणि त्याला नकार द्यायचा असला की तो बोलतच नसे. नुसता काळा फुगा, आत काही नाही. म्हणजे ‘नाही’. ही युक्ती पेन्सिलचीच. त्यामुळे मोतीला ताकीद होती की अथांगचा रिकामा फुगा दिसला की काळा करून टाकायचा.

“एवढा मोठा हा,” एकदा ब्रश धुताना तिने विचारलं, “आणि एका माणसाच्या मागे हात धुऊन का लागलाय?”

“मागे कुठे लागतो? त्याला माहीतच नसतं. तो आपला कूस बदलतो आणि इकडे हा धपकन पडतो.”

“बिच्चारा.”

“उल्काजित?”

“अथांग! कोणीतरी सांगायला नको का त्याला, की बाबा, तुझ्या मुठीत एक माणूस आहे?”

“सांगायला धीर लागतो,” तो म्हणाला. “समोर गेलं की…”

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्या दिवशी ते चारदा मोडलं.

मोतीची काम करायची तऱ्हा न्यारी होती. चित्रावर ती एक जाड कागद पसरायची. त्याला मधोमध खिडकी कापलेली. खिडकीतून एकच फुगा दिसायचा, हाताचा घाम चित्राला लागायचा नाही. आणि ती शेवटच्या चौकटीपासून सुरुवात करून पहिलीकडे यायची. गोष्टीत मन गुंतलं की वेलांटी सुटते, असं तिचं म्हणणं.

“म्हणजे तू आमची एकही गोष्ट वाचलेली नाहीस?” पेन्सिलचा विश्वास बसेना. तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. कोणी केलं, कधी केलं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

“सगळ्या लिहिल्यात. वाचायचा संबंध काय?”

“एक दिवस तुला वाचायला लावीन.”

“बघू या हं… आधी पेन्सिलीला टोक कर.”

मग ती पावसाची संध्याकाळ. छत्री नव्हती, तेव्हा संपादकांनी नापास केलेली भलीमोठी आकाशगंगा दोघांनी डोक्यावर धरली आणि निघाले. रस्ता ओलांडेपर्यंत आकाशगंगा विरघळली. निळं पाणी केसांतून, मानेवरून, कॉलरमध्ये… त्याने बोटाने तिच्या गालावरचा एक निळा ओघळ थांबवला आणि बोट तिथेच ठेवून उभा राहिला. मागची रिक्षा हॉर्न वाजवून थकली. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही कानामागे तीच निळाई होती. ऑफिसातल्या सगळ्यांनी ती पाहिली आणि सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

आणि मग त्याला लांबच्या शहरातून बोलावणं आलं. हलत्या चित्रांचं काम, मोठं नाव.

“जाणार?” तिने टाक पुसत विचारलं. टाक आधीच स्वच्छ होता.

“ठरवलं नाही. तुला काय वाटतं?”

‘जाऊ नकोस’ हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले होते. पण ती म्हणाली, “मला काय वाटायचं? तू सांग ना, तुझ्या मनात काय आहे ते.” त्याने तोंडाने विचारावं, एवढीच तिची इच्छा होती. एकदा, सरळ.

दोन दिवसांनी त्याने अंकाचं शेवटचं पान आणून तिच्या टेबलावर ठेवलं. कानावरच्या दोन्ही पेन्सिली गायब होत्या.

“मोती, हे एवढं एक पान वाचून कर. पहिल्या चौकटीपासून. वाचशील?”

“वाचेन.”

“नक्की?”

“अरे वाचेन म्हटलं ना!”

आणि तिला खरंच वाचायचं होतं हो! पण छापखान्याचा माणूस दारात उभा, संपादक शिंकण्याच्या बेतात, आणि हाताला वर्षानुवर्षांची सवय. खिडकीचा कागद केव्हा पसरला तेही तिला कळलं नाही. शेवटची चौकट आधी. अथांगचा फुगा, रिकामा. तिने तो काळा केला. छान काळा, एकही ठिपका पांढरा न ठेवता. मग मागे मागे येत उल्काजितचे शब्द लिहिले. प्रत्येक अक्षर रेखीव, वेलांट्या जागच्या जागी. छापून आलं की निवांत वाचू, असं ठरवून तिने पान देऊन टाकलं.

संध्याकाळी तो दारात उभा राहिला. पान त्याने पाहिलं होतं.

“वाचलंस?”

आता खरं सांगायचं म्हणजे त्याचं तोंड उतरणार. तिने एवढंसं खोटं बोलून टाकलं. “वाचलं की.”

“आणि… शेवटी जे केलंस, ते बरोबर आहे? चूक नाही ना काही?”

“माझ्या कामात चूक? एकही नाही.”

“एकही नाही,” तो हळूच म्हणाला. “बरं.”

रविवारी तो गेला. निरोपाला सगळ्यांशी हसून बोलला, तिच्याशी जरा जास्तच हसून. ती वाट बघत राहिली… आत्ता विचारेल, जिन्यात विचारेल, वळणावरून मागे फिरेल. घरी येऊन तिने आईजवळ तणतण केली. “आकाशगंगा काढतो मेला, एक वाक्य काढता येत नाही तोंडातून!”

आई हातात येईल ते वाचायची. साबणाचं वेष्टनसुद्धा सोडायची नाही. अंक छापून आला तेव्हा मोतीने तो न उघडताच टेबलावर टाकला. त्याची चित्रं बघायचीच नव्हती तिला. मोतीबरोबर मटार सोलता सोलता आई तो वाचत होती.

“काय गं, हा तुमचा अथांग… बाई कधीपासून झाला?”

“काहीतरीच काय!”

“अगं, हात बघ की. अंगठ्यावर शाईचा डाग, करंगळी वाकडी. तुझाच आहे. आणि तो उडणारा विचारतोय कसा, ऐक.” आईने चष्मा वर केला. “‘तुला ठाऊक नसेल, पण मी तुझ्या मुठीत आहे. दूरच्या सूर्यांनी मला बोलावलंय. तू थांब म्हणालीस तर थांबेन. जन्मभर थांबेन. एक शब्द सांग.’”

मटाराची शेंग मोतीच्या हातातच राहिली.

“मग?” तिने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“मग काय? ती काही बोलतच नाही. फुगा काळा. तो बिचारा मान खाली घालून उभा, आणि गोष्ट तिथेच संपली.” आईने पान उलटं करून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. “कसली दगड बाई आहे गं ही! एवढं विचारतोय तो—”

तेव्हा कुठे आईने वर पाहिलं, आणि मटार बाजूला ठेवून लेकीला जवळ ओढलं.

त्याचा प्रश्न तिनेच लिहिला होता. स्वतःच्या हाताने, मोत्यासारख्या अक्षरात, शेवटून सुरुवातीकडे. आणि उत्तरासाठी त्याने मोकळा ठेवलेला फुगाही तिनेच काळा केला होता.

तिने पत्र धाडलं, ते ‘इथे राहत नाहीत’ असा शिक्का घेऊन परत आलं. दुसरं पाठवलं, तेही. मग एकच टपाल उरलं. पुढच्या अंकात अथांग एका राक्षसाला शाप देणार होता. त्या शापाच्या जागी मोतीने काळ्यावर पांढरं लिहिलं: ‘मी नाही म्हटलं नव्हतं. मी वाचलंच नव्हतं.’ अंक तसाच गेला. वाचकांच्या पत्रांची पोती इतकी आली की खालच्या दुकानात टायर ठेवायला जागा उरली नाही. विश्व चालवणाऱ्याला वाचता येत नाही? संपादक असे शिंकले की अख्खा उन्हाळी विशेषांक बाद झाला. मोती खाली मान घालून ऐकत राहिली. त्या सगळ्या पोत्यांत एका अक्षराची ती वाट बघत होती. ते आलं नाही.

वर्षं गेली. तिच्या केसांत काळ्यावर पांढरं आलं. अक्षरं आता कॉम्प्युटर लिहायला लागला आणि तिने टाक-दौत आवरायला घेतली. अशा एका दुपारी ऑफिसचं दार वाजलं.

“शनी आहे का घरात?”

पोट सुटलेलं, कपाळ वाढलेलं. कानावर पेन्सिल एकच, पण होती. खाली गाडीत बायको आणि मुलगी होत्या. या रस्त्यावरून जाता जाता तो सहज चढून आला होता, असं तो म्हणाला. सहज चढणाऱ्याला एवढी धाप लागत नाही.

बोलता बोलता तो थांबला. “तो अंक मला मिळाला, मोती. ‘वाचलंच नव्हतं’वाला.”

“कधी?”

“उशिरा. न्हाव्याकडे जुन्या अंकांचा ढीग होता. अर्ध्या गालाला फेस. वाचलं आणि तसाच उठलो. रस्त्यात पळत सुटलो, गळ्यात टॉवेल. वाटलं, आत्ता गाडी पकडतो आणि…” तो हसला. “कोपऱ्यावर आठवलं, मुलगी आठ महिन्यांची आहे. घरी दूध न्यायचंय.”

“मग?”

“मग परत जाऊन बसलो. उरलेली दाढी करून घेतली.”

खाली कोणाच्यातरी टायरमध्ये हवा भरली. फुस्स.

“मी तोंडाने विचारायला हवं होतं,” तो म्हणाला.

“मी वाचलं म्हणून सांगायला नको होतं.”

“काय लिहिलं असतंस?”

तिने कपाटाकडे पाहिलं. गाडीचा हॉर्न वाजला. त्याने नुसती मान हलवली, दाराच्या कडीवर क्षणभर हात ठेवला आणि निघाला.

ती कपाटाकडे धावली. छापखान्यातून परत आलेलं ते मूळ पान इतकी वर्षं तिने पुठ्ठ्याच्या नळीत जपलं होतं. आईने वाचून दाखवलं त्या रात्री काळ्या फुग्यात जे लिहायचं ते तिने लिहून ठेवलं होतं. नळी घेऊन ती जिन्यावर आली आणि कठड्यावरून तिने ती सोडली.

टण्ण.

“लागलं का हो?” तिने वरून विचारलं.

“लागलं,” तो म्हणाला. “काय आहे?”

“पान आहे. वाचशील?”

“वाचेन.”

नळीचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग कागद उलगडल्याचा. ती कठडा धरून ऐकत होती. एकेका चौकटीला किती वेळ लागतो, तिला कुठे ठाऊक होतं? पण शेवटच्या चौकटीत काय आहे ते पाठ होतं. काळ्या फुग्यात पांढरं, एकच शब्द: ‘थांब.’

आणि तो थांबला. जिन्याच्या त्या वळणावर पावलांचा आवाज नाही, श्वासाचा नाही. अथांगने मूठ उघडली की उल्काजित थांबतो, उडतो, काय म्हणेल ते करतो. तेवढा वेळ तो थांबला.

मग हॉर्न पुन्हा वाजला. एक लहान आवाज म्हणाला, “बाबा, येताय ना?”

कागद गुंडाळला गेला. पावलं उतरू लागली, सावकाश, एकेक पायरी. मोतीने ती सगळी ऐकली. पहिलीपासून शेवटच्यापर्यंत, एकही न गाळता.