केबल बदलली का?

संघपाल नाकाडोंगरीच्या स्टँडवर उतरला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पलीकडच्या जंगलात विमान पडलं होतं, ती जागा त्याला पाहायची होती. एका खासगी वैमानिक शाळेत तो मेकॅनिक होता आणि ते छोटं विमान त्याच्याच देखरेखीतलं. दोन महिन्यांपूर्वी त्यात शिकवणारे सर गेले, मनाली नावाची विद्यार्थिनी गेली.

वाट दाखवायला तेंदूपत्ता तोडणाऱ्या शकुनबाई सोबत निघाल्या.

"तिकडं कोनी फिरकत नाही आता, भाऊ. दुपारची एक पोरगी इचारते."

"काय इचारते?"

"केबल बदलली का, म्हन्ते. मी सांगतलं, बाई, माह्या घरी टीव्हीच नाही. तरी इचारूनच राहिली."

संघपालचे पाय जागीच थांबले. त्या सकाळी विमानाकडं जाताना मनालीनं त्याला हेच विचारलं होतं. शेपटीकडं जाणाऱ्या केबलच्या तारा एकेक करून तुटत चालल्या होत्या. त्यानं साहेबांना दाखवलंही होतं. "पुढल्या तपासणीत बदलू, आज सही कर," साहेब म्हणाले. त्यानं सही केली. आणि मनालीला म्हणाला, "हो."

हे तर त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. मग या बाईच्या कानावर आलं कुठून? भीती होतीच, पण ते जाणून घ्यायची ओढ जास्त होती.

त्या जागी सागांचे शेंडे मोडलेले होते. पाखरं एकाएकी गप्प झाली. पेट्रोलचा वास आला, आत्ताच सांडल्यासारखा. मग अगदी कानाशी, साध्या आवाजात...

"केबल बदलली का...?"

"नाही," संघपाल कसाबसा बोलला. "नाही बदलली, मॅडम... मी खोटं बोललो."

वारा नव्हता. तरी पाचोळा वाजत वाजत दूर गेला.

शकुनबाईंनी त्याचा दंड धरला. "जाता जाता नवीनच बोलली. तुमी आयकलं नाही का?"

"काय?"

"'दुसऱ्याची...?' म्हने."

शाळेकडं त्याच बनावटीचं दुसरं विमान होतं. संघपाल रस्त्याकडं धावत सुटला. रेंज येताच त्यानं शाळेच्या चौकीदाराला, घनश्यामला फोन लावला. "दुसरं विमान बाहेर काढू देऊ नको. मी येऊन राहिलो."

"शेडमधीच हाय. कुलूप लावून हाय," घनश्याम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघपालसमोरच त्यानं कुलूप काढलं. विमानाच्या शेपटीखालचं तपासणीचं झाकण उघडं होतं. आत केबल जेमतेम दोन तारांवर तगून होती. संघपालनं तिथूनच चौकशी अधिकाऱ्यांना फोन केला आणि आपल्या सहीसकट सगळं सांगून टाकलं.

"झाकन कोनं उघडलं असन?" घनश्याम हळूच म्हणाला. "रातभर चाबी माह्याच खिशात होती."

झाकणाचे सहाही स्क्रू खाली फरशीवर नीट ओळीनं मांडलेले होते. संघपालनं वाकून एक उचलला... आणि चटकन सोडून दिला. नुकताच कोणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखा तो ओलसर होता, आणि कोमट.