धीरमूठ

रविवारी सकाळी सातच्या सुमारास वाघबीळच्या चहाच्या टपरीसमोर आठ-दहा माउंटन बाइक कठड्याला टेकवलेल्या असत, आणि पहिला अर्धा तास कोणीच सायकलवर बसत नसे. तो वेळ दाखवण्याचा. कोणी नवे ब्रेक बसवलेले असत, कोणी पुढचा शॉकअप बदललेला असे. उदयसिंह घाटगेनं नुसती पेडल बदलली तरी तो ती काढून सगळ्यांच्या हातात देई आणि वजनाचा अंदाज करायला लावी. त्याची अख्खी सायकल नऊ किलो सातशे ग्रॅमची होती. ती एका बोटावर उचलून दाखवल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे.

जूनपासून मात्र वजनाचं कोणी विचारत नव्हतं. आता सगळे एकमेकांच्या हँडलवरच्या छोट्या पडद्यावर वाकायचे.

"काल किती?"

"चौदा."

"आमचा अकरा. फोटो हाय की."

हा आकडा म्हणजे भयांक. शंभराच्या जवळ गेला की माणूस गोठलेला, शून्याच्या जवळ गेला की निवांत. आणि तो खाली आणणारी वस्तू होती धीरमूठ. हँडलच्या रबरी मुठी काढून त्या जागी बसवायच्या दोन करड्या मुठी, आणि कानामागे चिकटवायची एक टिकली.

शाहूपुरीत सायकलचं दुकान असलेल्या बशीरभाई बागवानांनी पहिली जोडी आणली, तेव्हा पद्मजा चौगुले आणि तिचा नवरा अभिनंदन दुकानातच होते.

"तळहाताला घाम सुटला, नाडी पळायला लागली की मुठीतल्या संवेदकांना कळतं," बशीरभाईंनी समजावलं. "मग ही टिकली कानामागून जाणाऱ्या नसेला हलका विद्युतस्पर्श करते. जाणवतसुद्धा नाही. छाती शांत होते. आणि छाती शांत झाली की मेंदू म्हणतो, काही झालेलंच नाही."

"आणि ब्रेक कोण लावणार?" पद्मजानं विचारलं.

"ते तुम्हीच, वहिनी. फक्त भिऊन लावायचा नाही."

पद्मजा तंत्रनिकेतनात गणित शिकवायची. अभिनंदनचं शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप होतं. दोघांनी एकाच दिवशी धीरमुठी बसवल्या. मसाई पठारावरून खाली उतरणारी एक अरुंद धार आहे, तिला हे लोक सोंड म्हणत. चार वर्षं पद्मजा ती सोंड सायकल खांद्यावर घेऊन पायी उतरत आली होती. त्या रविवारी ती बसून उतरली. भयांक एकोणीस. पडद्याचा फोटो तिनं सर्वांत आधी ग्रुपवर टाकला, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. तिला ते फार आवडलं होतं.

ऑगस्टमध्ये मुठींना नवं सॉफ्टवेअर आलं. आता टिकली नुसती शांत करणार नव्हती, शांत कसं व्हायचं हे शरीराला शिकवणारही होती. उदयसिंहनं पहिल्याच दिवशी ते उतरवून घेतलं. पाठोपाठ अभिनंदननं, बशीरभाईंनी. पद्मजाचं राहिलं, कारण टिकलीच्या गोंदानं तिच्या कानामागे पुरळ उठलं. त्वचारोगतज्ज्ञानं महिनाभर काही चिकटवू नका म्हणून सांगितलं. तिनं मुठीही काढून ठेवल्या आणि जुनी रबरी जोडी चढवली.

दहाव्या दिवशी दसरा चौक ओलांडताना एका ट्रकनं मागून हॉर्न दिला आणि तिचे पाय लटपटले. पलीकडे पोचल्यावर ती बराच वेळ फूटपाथवर उभी राहिली. एवढी साधी गोष्ट जूनपासून, सायकलवर नसतानाही, आपल्याला झालीच नव्हती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

मग घरातलंही दिसायला लागलं. त्यांच्या नऊ वर्षांच्या ऋजुताला एकशे तीन ताप भरला. अभिनंदननं तापमापक पाहिला, "उतरेल," म्हणाला आणि जेवायला बसला. पूर्वी ती शिंकली तरी तो डॉक्टरांना फोन लावायचा. पद्मजानं ते बोलून दाखवलं, तर त्यानं विचार करून शांतपणे सांगितलं, "खरंय. पण उतरला की नाही?"

ताप उतरला होता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी चौघे पठारावर गेले. अभिनंदन, उदयसिंह, बशीरभाई आणि पद्मजा. रात्री एक सर पडून गेली होती, जांभा दगड ओला होता. सोंडेच्या मध्यावर या पावसाळ्यात वाट वाहून गेली होती आणि सोळा फुटांचं खिंडार पडलं होतं. उजवीकडून कडेकडेनं एक पायवाट त्याला वळसा घालत होती. डावीकडे तीव्र उतार आणि चाळीस फूट खाली कारवीच्या झुडपांनी भरलेला एक टप्पा होता. आतापर्यंत सगळेच वळशानं जात.

"आज उडी," उदयसिंह म्हणाला. त्यानं नवा मागचा शॉकअप दाबून दाखवला. "हा घेतलाय कशाला मग?"

"मीपण," अभिनंदन म्हणाला.

पद्मजा सायकल आडवी टाकून त्याच्यासमोर उभी राहिली. "उतरणीला पलीकडे शेवाळ आहे. चाक टेकलं की घसरणार."

"हो, दिसतंय."

"इथून वेग मिळायला फक्त वीस मीटर आहेत. दहा वेळा उडी मारलीस तर तीन वेळा पडशील. हिशेब करून सांगते."

"तीनच्या जवळपास, बरोबर आहे."

"आणि पडलास तर चाळीस फूट."

"माहीत आहे. मीच मोजलं होतं."

"मग?"

तो तिच्याकडे समजूतदारपणे बघत राहिला. तिची चेष्टा करत नव्हता, हट्टही नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. "मग सात वेळा नाही पडणार," तो म्हणाला.

तिला कळलं की आपण त्याला काहीही सांगितलं तरी तो मान्यच करणार आहे आणि मान्य करून उडी मारणार आहे. तिनं हात पुढे करून त्याच्या कानामागची टिकली ओढायला बोटं घातली. तिथं टिकली नव्हती. नुसती गुळगुळीत कातडी होती.

"कुठे आहे?"

"दीड महिना झाला, लावत नाही," अभिनंदन म्हणाला. "नव्या सॉफ्टवेअरनंतर गरजच लागत नाही. मुठीही आता फक्त आकडा दाखवतात."

ती मागे वळली तोवर उदयसिंहनं पेडल मारायला सुरुवात केली होती.

त्याची उडी चांगली बसली. पुढचं चाक पलीकडे टेकलं, मागचंही टेकलं, आणि मग दोन्ही एकदम डावीकडे सरकली. आवाज फार झाला नाही. कारवीच्या काटक्या मोडल्या, बस.

"उदय पडला," बशीरभाई म्हणाले.

पद्मजा बसत, घसरत, झुडपांना धरत खाली टप्प्यावर उतरली. तळहात सोलले. उदयसिंह पाठीवर पडला होता आणि कोपरावर रेलून उठायच्या बेतात होता. त्याची डावी मांडी नको तिथे वाकली होती आणि सायकलिंगची पँट रक्तानं भिजत होती.

"वहिनी, फ्रेमला चरा गेलाय का बघा की जरा," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा होता. "मी उठतो."

"उठू नकोस. हलू नकोस अजिबात."

"काही एवढं दुखत नाही."

तिनं गळ्यातला रुमाल काढून जखमेवर दाबला. तो लगेच लाल झाला. वर पाहिलं तर अभिनंदन उतरत होता, प्रत्येक पाऊल नीट बघून, देवळाच्या पायऱ्या उतरावं तसा.

"पळत ये," ती ओरडली.

तो त्याच चालीनं आला.

सोंडेवर आजही मोबाइलला रेंज नव्हती. खाली वस्तीपाशी मिळायची. पायी पाऊण तास, सायकलनं बारा मिनिटं. "बशीरभाई," तिनं वर बघून हाक मारली, "खाली जा, रुग्णवाहिका बोलवा."

"जातो की," ते म्हणाले. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट प्यायले, झाकण फिरवून लावलं. मग अंगातलं जॅकेट काढून त्याची घडी घालायला लागले. घडी झाल्यावर त्यांनी सायकलचं तोंड वळशाकडे नाही, खिंडाराकडे केलं.

या तिघांना सगळं कळत होतं. माणूस मरतो, रक्त किती वेळ वाहिलं की मरतो, सगळं. फक्त घाई कोणालाच नव्हती. घाई करायला जे लागतं ते आता या टप्प्यावर तिच्या एकटीकडेच होतं.

"बशीरभाई, थांबा. तुम्ही नाही. सायकल तिथेच ठेवा आणि खाली इथे या." मग तिनं अभिनंदनचा हात धरून जखमेवर ठेवला, त्याच्यावर आपला हात ठेवून जोर दिला. "एवढा जोर. मी परत येईपर्यंत हात काढायचा नाही. हात दुखला तरी नाही, कंटाळा आला तरी नाही, तो नको म्हणाला तरी नाही. सांग परत."

त्यानं शब्द न् शब्द परत सांगितला.

"आणि बशीरभाई, याला उठू द्यायचं नाही. कितीही बरं वाटतंय म्हणाला तरी."

"बरं," बशीरभाई म्हणाले.

ती वर चढली, सायकल उचलून वळशानं पलीकडे गेली आणि सोंड उतरायला लागली. तोंड कोरडं पडलं होतं. घामानं रबरी मूठ सारखी निसटत होती. पहिल्या वळणावर तिला वाटलं आपण जाणार, आणि तिनं ब्रेक लावला. दुसऱ्या वळणाआधी दगडाचा रंग वेगळा दिसला, तिथेही लावला. प्रत्येक ठिकाणी आपण कशा कशानं पडू शकतो हे तिला दिसत होतं आणि ते ते टाळत ती खाली येत होती. कानात स्वतःचाच श्वास घुमत होता. वस्तीच्या पहिल्या घराशी पोचली तेव्हा तिला सायकलवरून उतरताच येईना. अंगणात भांडी घासणाऱ्या बाईनं तिला धरून खाली बसवलं आणि मगच तिनं फोन लावला.

पद्मजा स्ट्रेचरवाल्या माणसांना घेऊन टप्प्यावर पोचली तेव्हा दीड तास झाला होता. उदयसिंह शुद्धीत होता. बशीरभाई त्याचे खांदे धरून बसले होते. अभिनंदन तिनं सोडलं होतं त्याच जागी, त्याच गुडघ्यांवर होता आणि त्याचा हात त्याच जागी होता.

दुपारी तीन वाजता शस्त्रक्रियागृहाबाहेर डॉक्टरीणबाई आल्या. पाय वाचेल, लंगडेल थोडा, म्हणाल्या. "दाबून कोणी धरलं होतं?"

पद्मजानं नवऱ्याकडे बोट केलं.

"हात हललाच नाही तुमचा. भ्यायलेल्या माणसाचा थरथरतो, पकड सुटते. म्हणून वाचला तो."

अभिनंदननं मान डोलावली. आनंद झाल्यासारखा दिसला नाही. पद्मजानं मग धीरमुठीचं, टिकलीचं, सगळं सांगितलं आणि हे परत पहिल्यासारखं होतं का, असं विचारलं. "माझ्याकडे असा हा पहिलाच रुग्ण," त्या म्हणाल्या. "मेंदू शिकलेलं विसरतो कधी कधी. सांगता येत नाही."

दोघं बाहेर पार्किंगमध्ये आले. ऊन होतं. अभिनंदनच्या नखांत रक्त वाळलं होतं आणि तो एकेक नख दुसऱ्या नखानं साफ करत होता.

"तू गेलीस ना," तो म्हणाला, "तेव्हा तू पडू शकतेस हे मला माहीत होतं. मी वाट बघितली इथे काहीतरी होईल म्हणून." त्यानं छातीवर हात ठेवला. "झालं नाही. तू सांगितलं नसतंस तर मी उदयशेजारी नुसता बसलो असतो. समोरची दरी छान दिसत होती."

पद्मजाचे हात अजून कापत होते. ते लपवावेत असं तिला वाटलं नाही.

"तुझी, ऋजुताची काळजी वाटायची मला," तो म्हणाला. "वाटायची हे आठवतं. आत आता ती कुठे सापडत नाही." तो एकेक शब्द पारखून बोलत होता. "तू गणित शिकवतेस, तूच सांग. काळजी वाटत नसली, तरी घेता येते का गं?"