घरी कोण राहणार

औषधांचा डबा घरात राहिला होता. तेवढा आणायला नंदीश गल्लीतून परत गेला. गोष्ट तिथून सुरू होते, आणि तशी ती फार मोठीही नाही.

ते हॉटेलांचे फोटो बघणं जरा बाजूला ठेवा. लाइट गेलीय, बॅटऱ्या वाचवा. जेवण झाल्यापासून ऐकतोय मी तुमचं या गच्चीवर. आजीला खालची खोली, पोरांना वरची, गाडी किती मोठी घ्यायची. सगळं ठरलं. पण श्रीशैल, घरी कोण राहणार ते ठरलं का?

"काका, चार कॅमेरे लावलेत की. राहायचं कशाला कुणी?"

"चोर आला तर हा फोनवरून त्याला या बसा म्हणेल."

हस सृष्टी, हस. नंदीशच्या घरातही असंच हसत हसत ठरलं होतं.

नंदीशला तुम्ही पाहिलंय. माझ्या दुकानाला लागून त्याचं भांड्यांचं दुकान. घर आपल्या इथल्याच शुक्रवार पेठेत. गल्ली अशी, की समोरून रिक्षा आली तर माणसानं कुणाच्या तरी पायरीवर चढायचं. त्यांच्या देवघरातला दिवा रात्री विझू द्यायचा नाही, अशी त्या घराची जुनी रीत. म्हणून सगळे कुठं निघाले की एक माणूस मागं राहायचं. आणि ते माणूस म्हणजे अक्का.

अक्का म्हणजे नंदीशच्या वडिलांची बहीण. विशीच्या आत नवरा गेला, माहेरी आली ती कायमची. नंदीशला आणि त्याच्या धाकट्या भावाला, चन्नवीरला, तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. घरची माणसं गोव्याला गेली, गोकर्णला गेली, अक्का दिव्यात तेल घालत राहिली. तू राहा, असं तिला कधी कुणी म्हणालं नाही. चल, असंही कुणी म्हणालं नाही. सगळे परत आले की ती पोरांना जवळ घ्यायची आणि विचारायची,

"समुद्र भीमेच्या पुराएवढा असतो का रे?"

"त्याहून मोठा, अक्का."

"मग पलीकडचा काठ कसा दिसतो?"

"काठ नसतोच."

"गप की. काठ नाही तर पाणी थांबतं कुठं?"

नंदीश म्हणायचा, पुढच्या वेळी तुला नेतो, तूच बघ. दर वेळी म्हणायचा. मनापासूनच म्हणायचा. पण पुढच्या वेळीही दिवा असायचाच.

तीन वर्षांमागच्या श्रावणात अक्का गेली. आपल्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, आणि बसलेलंच मातीत ठेवतात. तिला बसवलेली मी पाहिली आहे. ताठ. कुठंतरी निघायला तयार होऊन बसल्यासारखी.

"काका, आत्तापासून घाबरवू नका की."

अजून काही झालेलंच नाही.

पुढच्या मे महिन्यात चन्नवीरनं पुण्यात बसून सगळं जुळवलं. फोनवर ग्रुप केला, कोकणात समुद्रासमोरच्या खोल्या धरल्या. नंदीशची आई रत्नम्मा, ऐंशीला टेकलेली. तिच्यापासून चन्नवीरच्या दुधपित्या नातीपर्यंत चार पिढ्या. या वेळी कुणीही मागं राहायचं नाही, असं चन्नवीरनं लिहिलं आणि सगळ्यांनी त्याखाली होकाराचे अंगठे टाकले. गाडी ठरली टेम्पो ट्रॅव्हलर. चालवणारा बिभीषण, नातेपुत्याकडचा. साधा माणूस.

बसवजयंती झाली, त्यानंतरचा शनिवार. रात्रीचे दहा. गाडी गल्लीत येत नाही म्हणून चौकात उभी होती. पिशव्या घेऊन सगळे तिकडं चालत गेले. निघायच्या आधी रत्नम्मानं देवघरातला दिवा स्वतःच्या हातानं शांत केला. नंदीशनं दाराबाहेरचा मेन स्विच बंद केला, दाराला कुलूप लावलं. आणि काय मनात आलं कोण जाणे, त्या बंद दाराला म्हणाला, "अक्का, या वेळी सगळ्यांनी जायचंय. तू पण चल."

हे त्यानं मला नंतर सांगितलं. चेष्टेनं बोललो नव्हतो, म्हणाला.

गाडीत बसल्यावर रत्नम्माला आठवलं, गोळ्यांचा डबा देवघराच्या कोनाड्यात राहिला. नंदीशची बायको धनलक्ष्मी म्हणाली, "शेवटी निघणाऱ्यानं एकदा मागं वळून बघायचं असतं. डोकं तरी आणलंय का, का ते पण कोनाड्यात?" जाऊ हसली, पोरं हसली. नंदीशनं फोन चार्जिंगला लावला होता, तो तिथंच ठेवून उतरला. आलोच, म्हणाला.

कुलूप काढून त्यानं कोयंड्यात अडकवलं. किल्ली कुलपालाच. एका डब्यासाठी मेन स्विच कशाला लावायचा म्हणून अंधारातच आत गेला. पायाखालचं घर होतं.

देवघरात दिवा जळत होता.

आईनं नीट शांत केला नसेल, असं त्याला वाटलं. तो पुढं गेला. दिवा तेलानं काठोकाठ भरलेला. वात नवी.

कोनाड्यात हात घातला. डबा नव्हता.

मागून, मधल्या खोलीतून, लुगड्याचा आवाज आला. घडी मोडून पहिल्यांदा नेसलेलं लुगडं वाजतं, तसा.

"डबा मी घेतलाय."

आवाज अक्काचा होता.

नंदीश वळला नाही. त्याला वळता येईना.

"तेलाकडं लक्ष ठेव. पहाटे लवकर उतरतं."

मग पावलं. सावकाश. दाराच्या दिशेनं.

"जाते मी."

आपल्यात निघताना कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणतात. पोरांच्या तोंडून चुकून जातो निघालं तर अक्का त्यांना परत बसवायची.

दार ओढलं गेलं. कडी. कुलूप.

मग काहीच नाही...

"ओरडला नाही तो?"

ओरडला. दार बडवलं. पण मे महिना. अर्धी पेठ गच्चीवर, अर्धी कूलर लावून दारं बंद करून. कोण ऐकतंय. तरी त्याला धीर होता. मी आलो नाही म्हटल्यावर पाच-दहा मिनिटांत चन्नवीर येईल बघायला. निदान धनलक्ष्मी येईल, बोलत बोलत.

कुणी आलं नाही.

कारण गाडीत तो आला होता.

पुढचं बिभीषणनं सांगितलेलं. "गल्लीतनं साहेब आलं. डोक्यावरनं शाल. म्हटलं, एवढ्या उकाड्यात शाल? पर एसी लावलावता, आसंल थंडी. डबा म्हातारीच्या हातात दिला आन् गेलं मागच्या शिटावर. मी गाडी सोडली."

तिऱ्हे गाव मागं पडलं. पोरं झोपली. कामतीला चहासाठी थांबले, तेव्हा धनलक्ष्मीनं मागं वळून विचारलं, "खाली येताय ना?" उत्तर नाही. मघाशी चारचौघांत बोलले म्हणून रुसलेत, असं ती जावेला म्हणाली. दोघी चहा पिऊन आल्या.

बिभीषण मात्र आरशात बघत होता. "झोपल्यालं मानूस लवंडतं की. हे मांडी घालून ताठ. खड्डा आला तरी हालंना."

बेगमपूरचा पूल आला. खाली भीमा. मागून हळू आवाज आला. घशातला, बसलेला.

"पलीकडचा काठ दिसतो का?"

"दिसतो की साहेब. ही भीमाच हाय."

बिभीषणनं आरसा हातानं वर ढकलला. पुढचा सगळा रस्ता, सगळा घाट... आरसा वरच.

इकडं नंदीश दिव्यासमोर बसलेला. ज्योत बारीक झाली की घर जवळ यायचं, म्हणाला. मी विचारलं, जवळ यायचं म्हणजे काय? तो परत तेच म्हणाला. घर जवळ यायचं. तो तेल घालायचा. मग ते लांब जायचं. परत बारीक. परत तेल.

कूलरांचे आवाज बंद झाले. कुत्री गप्प झाली...

तो तेल घालत राहिला.

उजाडल्यावर शेजारचा निंगप्पा पाणी भरायला उठला, त्यानं थाप ऐकली. किल्ली कुलपाला लोंबत होती. त्यानं दार उघडलं. नंदीशनं आधी त्याचा फोन मागून घेतला आणि बायकोला लावला.

गाडी समुद्रापाशी नुकतीच थांबत होती.

"मी बोलतोय. घरातून."

"पुरे आता. कुणाचा फोन घेतलाय? मागं बसलाय की तुम्ही."

"धनलक्ष्मी... मागं बघ."

फोनमधून समुद्राचा आवाज येत होता. बराच वेळ तेवढाच येत होता.

मागच्या सीटवर कुणी नव्हतं. गाडीचं मागचं दार सताड उघडं. ते बिभीषणनं उघडलं नव्हतं.

चन्नवीर म्हणाला, गाडी फिरवा. तेव्हा रत्नम्मा बोलली. रात्रभरात पहिल्यांदा.

"कुणी परत जायचं नाही. तिला बघू दे."

"आई... तुला माहीत होतं?"

"डबा हातात दिला तेव्हाच कळलं. तो हात मला कळणार नाही?"

"आणि दादा? तो मागं राहिला, हे कळूनसुद्धा तू..."

रत्नम्मा पाण्याकडं बघत होती. "माझ्या लग्नापासून ती राहिली. माझ्या जागी राहिली. पोरगं एक रात्र राहिलं तर काय होतंय."

एक रात्र.

ठरलं होतं तेवढे दिवस राहून ते परत आले. अक्का परत आली नाही, असं नंदीश म्हणतो. त्याला कळतं. ती असती तर घर जवळ आलं नसतं.

अजून येतं. रोज.

तेव्हापासून तो दिवस मावळायच्या आत घरी असतो. दुकानाचं शटर मीच ओढून घेतो. मुलीसाठी श्रीपूरचं चांगलं स्थळ आलं होतं. बोलणी चालू असताना उन्हं कलली, तसा हा पाहुण्यांसमोरून उठून निघाला. स्थळ गेलं. एकदा धनलक्ष्मी म्हणाली, आज मी बसते दिव्याजवळ, तुम्ही झोपा. मध्यरात्री उठून बाहेर आली. काय झालं ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याचं अंथरूण गुंडाळलं आणि स्वतःच्या हातानं देवघरात नेऊन घातलं.

गेल्या दिवाळीत रत्नम्मा गेली. शेवटी शुद्धीवर होती. नंदीशचा हात धरून म्हणाली, "मला वाटलं, एकच रात्र."

"काका, खाली जाऊ या. इथं दिसत नाहीये काही."

जाऊ. संपलंच आहे.

बिभीषणची गाडी अजून चालते. कोकणातून आल्यावर त्याच्या हाताला ती मागची सीट ओली लागली. त्यानं ती काढून उन्हात टाकली. आपलं मेमधलं ऊन, दुपारपर्यंत खडखडीत वाळली. वाळल्यावर त्यावर पांढरं फुटलं. त्यानं पुसलं. परत फुटलं. कव्हर बदललं, एकदा नाही, दोनदा. आतला स्पंजसुद्धा नवा घातला.

गेल्या महिन्यात मी त्याच गाडीतून अक्कलकोटला गेलो होतो. गाडी स्वच्छ होती. बाकीच्या सगळ्या सीटा कोरड्या, साध्या. त्या एका सीटवर, एक माणूस बसतं तेवढ्याच जागेत, पांढरा थर होता. मी बोट लावलं. जिभेला लावलं.

मीठ होतं.